गारपिटीनंतरचं छप्पर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सभासद मेळाव्यात माजी सचिवांनी केलेलं भाषण)



अध्यक्षांनी मला ‘संस्थेची वाटचाल’ असा विषय दिला होता. ती वाटचाल स्मरणिकेत अहवालासकट छापून येणारच आहे. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. मार्च २०१४ ची गारपीट आणि त्यानंतर आपण केलेली छपरांची दुरुस्ती. तेव्हा सचिव मी होतो. त्या कामात जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्याच हातून चुकलं, म्हणून ते मीच सांगितलेलं बरं.

नव्याने राहायला आलेल्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आपली संस्था नोंदवली गेली १९९२ साली. प्लॉट पडले, आणि पुढच्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कितीतरी महिने लातुरात माणसं घराबाहेर झोपत होती. खेड्यांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद, यांच्याखाली माणसं गेली होती. त्यामुळे आपली बांधकामं सुरू झाली तेव्हा घरोघर एकच बोलणं, डोक्यावर जड काही नको. नीट बांधलेला स्लॅब वाईट नसतो, हे इंजिनिअर सांगत होते. पण ऐकतो कोण? आणि खिशाचंही कारण होतंच, ते कशाला लपवा. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस घरांवर सिमेंटचे पत्रे आले. भूकंपात पत्रा हलका, म्हणून बरा. पण सहा मिलिमीटर जाडीचा, ठिसूळ. वरून काही आदळलं की तडकतो. तेवढा विचार आपण कुणीच केला नव्हता.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र, सगळीकडे गारा पडत होत्या. पेपरात रोज आडव्या झालेल्या ज्वारीचे फोटो. आपल्यातल्या बऱ्याच जणांची शेती गावाकडे, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडेच. आणि एका दुपारी तीनच्या सुमारास इथंच अंधारून आलं. आधी वारा, मग टपोरे थेंब, मग पत्र्यावर कुणी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज. घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आमच्या घरी आम्ही नातवाला घेऊन दाराच्या चौकटीत उभे राहिलो. भूकंपापासूनची सवय, दुसरं काय! लिंबाएवढ्या गारा पत्रा फोडून थेट पलंगावर पडत होत्या. वीसेक मिनिटांत सगळं थांबलं. बाहेर आलो तर रस्ता पांढरा, कडुलिंबाखाली मेलेले पोपट, आणि पोरं पातेल्यात गारा गोळा करताहेत. एका मुलीने गार विळीवर अर्धी केली, आत कांद्यासारखे पदर. ढगात वर चढणारा वारा गारेला पुन्हा पुन्हा गारठ्यात नेतो आणि दर वेळी बर्फाचा नवा थर चढतो, म्हणून ते पदर. हे तिने शाळेत शिकलेलं आम्हा मोठ्यांना सांगितलं.

त्याच संध्याकाळी संस्थेच्या ऑफिसात सभा भरली. नोटीस नाही, अजेंडा नाही. पहिला प्रश्न आला तो छप्पर कुणाचं, हा. आपली संस्था भाडेकरू-मालकी प्रकारची. जमीन संस्थेची, घर सभासदाचं. रस्ते, गटार, बोअर, कंपाउंड संस्थेकडे. मी उपविधीची वही उघडली आणि मोठ्याने वाचून दाखवलं की घराची दुरुस्ती ज्याची त्याने करायची, संस्थेच्या निधीतून छपरासाठी पैसा काढला तर ऑडिटमध्ये दोष निघेल. वाचलं ते बरोबरच होतं. बावीस नंबरच्या मावशी मागे दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या घराचे चौदा पत्रे गेले होते, घरात त्या आणि नात, दोघीच. त्या म्हणाल्या, “भाऊ, वही वाचून झाली असंल तर सांगा, आज रातच्याला झोपायचं कुठं?”

मी वही मिटली. लाज वाटली, हे आज कबूल करतो.

रात्री स्लॅबच्या घरांनी पत्र्याच्या घरांतली माणसं वाटून घेतली. पैशाचा मार्ग निघायला मात्र नऊ दिवस लागले. संस्थेच्या निधीला हात न लावता, ज्यांना जमेल त्या सभासदांनी बिनव्याजी रक्कम द्यायची, तिचं वेगळं खातं ठेवायचं, पत्रे एकत्र घ्यायचे, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी महिन्याच्या देखभाल वर्गणीसोबत हप्त्याने फेडायचं. विशेष सर्वसाधारण सभेत तसा ठराव झाला. हे मला पहिल्या रात्रीच सुचायला हवं होतं. ते नऊ दिवस मावशींच्या संसारावर ताडपत्री होती आणि त्यात दोनदा पाऊस झाला.

ठरावाला एका सभासदांनी लेखी विरोध नोंदवला. ते आज समोर बसले आहेत, आणि त्यांचं एक म्हणणं खरं होतं. त्यांच्या स्लॅबवरच्या सोलर बंबाच्या सगळ्या काचनळ्या फुटल्या होत्या, पाण्याची टाकी तडकली होती. स्लॅबवाल्यांचं काय गेलं, हे आम्ही कुणी विचारलंच नाही. पंचनाम्याच्या यादीतही ते राहून गेलं. तलाठी आले तेव्हा आम्ही त्यांना फक्त पत्र्याची घरं दाखवत फिरलो.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. इथं मी थोडा वेळ घेणार आहे, कारण पुन्हा गारा पडणारच नाहीत असं काही नाही.

फुटलेला पत्रा दिसतो. आकाशच दिसतं त्यातून. खरी अडचण तडकलेल्या पत्र्याची. केसाएवढी चीर ना वरून दिसते ना खालून. आम्ही नुसतं वर बघून “हे अकरा पत्रे बदला, बाकीचे ठीक” असं ठरवत गेलो, आणि जूनच्या पहिल्या पावसात ‘ठीक’ असलेली सात घरं गळली. नंतर मिस्त्रीने रीत दाखवली. ऊन असताना दारं-खिडक्या लावून आत अंधार करायचा, उजेडाचे ठिपके दिसतात तिथे खडूने खूण. मग वरून पाईपने सावकाश पाणी सोडायचं आणि आतून बघत राहायचं. चीर असेल तिथे पत्र्याच्या खालच्या बाजूला ओलसर काळी रेघ उमटते. त्या रेघेवर डांबरी पट्टी लावली तर एखादा पावसाळा निघतो, पण तो पत्रा बदलायचाच आहे असं धरून चाला.

पत्रे बसवायला सुरुवात पावसाचा वारा जिकडून येतो त्याच्या उलट टोकाकडून करायची. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणजे पूर्वेच्या टोकाकडून सुरू करून पश्चिमेला यायचं. मग जोडाची उघडी कड वाऱ्याच्या पाठीला राहते. वरचा पत्रा खालच्यावर निदान सहा इंच चढला पाहिजे. भोक नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगट भागात कधीच नाही, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. हे शहाणपण ऐकायला साधं वाटतं, पण माझ्याच घरावर तीन भोकं खोलगट भागात पाडलेली निघाली. भोक ड्रिलने, बोल्टपेक्षा किंचित मोठं. खिळा ठोकून पाडलं की पत्रा तिथूनच तडकायला लागतो. डांबरी वायसर विसरायचा नाही आणि नट दात-ओठ खाऊन आवळायचा नाही. उन्हात पत्रा थोडा हलतो, त्याला जागा लागते.

अकरा घरांनी रंगीत लोखंडी पत्रे घेतले. ते गारेने फुटत नाहीत, पोचतात. पण पोचा पडला तिथला वरचा थर निघाला तर पुढे गंज धरतो. उन्हाळ्यात घर जास्त तापतं, आणि पावसात टीव्ही ऐकू येत नाही. गारपिटीनंतर बाजारात पत्र्यांची ओढाताण होती. एका दुकानाने अर्धा मिलिमीटर सांगून पातळ माल दिला. तो आमच्या लक्षात आला, कारण दोन नंबरचे काका वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, त्यांच्या खिशात मायक्रोमीटर! माल परत गेला. नुसत्या बोटाने चाचपून ते कुणालाच कळलं नसतं.

आता दोन गोष्टी, ज्या मला आजही टोचतात.

पहिली. नऊ नंबरच्या घरावर काम चालू होतं, पुन्हा ढग भरून आले. मी खालून ओरडलो, “अरे, लवकर आटपा!” मिस्त्रीच्या हाताखालचा मुलगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, घाईने आडवा निघाला आणि जुन्या पत्र्यावर पाय पडून आरपार खाली आला. दहा-अकरा फूट. मनगट आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. डोकं ओट्याच्या कडेपासून वीतभर राहिलं. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय द्यायचा नसतो. खालच्या अँगलपासून अँगलपर्यंत फळी टाकायची आणि फळीवरूनच चालायचं. मिस्त्रीला हे माहीत होतं. पण फळ्या होत्या दोनच, त्या दुसऱ्या घरावर, आणि त्या आणायला मी थांबू दिलं नाही. दवाखान्याचा खर्च आपण वर्गणीतून केला. तो मुलगा बरा झाला, पण पुन्हा छपरावर चढला नाही. आता रिक्षा चालवतो. मला ओळखतो, हात करतो. मीच नजर चुकवतो.

दुसरी. फुटलेल्या पत्र्यांचा ढीग मैदानात लागला होता. ते कुटून रस्त्याच्या खड्ड्यांत भरावेत, मुरुमाचा खर्च वाचेल, ही सूचना माझी. दोन दिवस घणाने कुटणं चाललं, पोरं भोवती खेळत होती. तिसऱ्या दिवशी आपल्या डॉक्टर वहिनी घरी आल्या आणि रागावूनच म्हणाल्या, “या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही, आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. बंद करा आधी ते.” मग पाणी मारून, जाड प्लास्टिकमध्ये बांधून बाकीचा ढीग हलवला. जुने पत्रे कापू नका, घासू नका, कोरड्या झाडूने झाडू नका. काढायचे तर ओले करून, अख्खे, तोंडाला चांगला मास्क लावून. त्या दोन दिवसांत जे कुटलं गेलं, ते मात्र गेलंच. त्या खड्ड्यांवर नंतर आपण डांबर करून घेतलं, ते कशासाठी हे आज सांगतो आहे.

वेगळं खातं २०१६ च्या एप्रिलमध्ये बंद झालं. मिरजेहून पाण्याची रेल्वे आपल्या शहरात आली त्याच महिन्यात, म्हणून माझ्या लक्षात आहे. शेवटचा हप्ता बावीस नंबरचा. मावशींनी पावती मागून घेतली आणि ऑफिसातच दोनदा वाचली. त्यांच्या चौदा पत्र्यांपैकी एकही अजून गळलेला नाही.

जाता जाता एवढंच. दरवर्षी होळीच्या आसपास कार्यकारिणी छपरं बघून घेते. या वर्षीची पाहणी येत्या रविवारी सकाळी आठला, पत्र्याच्या घरांपासून सुरू करून स्लॅबच्या टाक्या आणि सोलरपर्यंत, सगळ्यांची. शिडी आणि फळ्या ऑफिसच्या मागे साखळीने बांधलेल्या असतात, किल्ली वॉचमनकडे, वहीत सही करून न्यायच्या. फळ्या आपण चार करून घेतल्या होत्या. काल मोजल्या तर तीनच भरल्या. चौथी कुणाच्या बाल्कनीत कुंड्यांखाली आहे ते मला दिसलेलं आहे, नाव घेत नाही. रविवारच्या आत ती जागेवर आणून ठेवावी, ही नम्र विनंती.