इन्साफ द्यायलाही शिकावं लागतं

सातारा-सांगलीकडच्या शालेय सॉफ्टबॉल सामन्यांत अनेकदा पंच होतो तो हाताशी असलेला शिक्षक किंवा माजी खेळाडू. माणूस प्रामाणिक असतो, पण तेवढं पुरत नाही.

समजा, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू आहेत, बाद कोणीच नाही. चेंडू इनफिल्डवर उंच उडाला, झेल सोपा आहे. पंचाने तेव्हाच ‘इनफिल्ड फ्लाय’ पुकारून बॅटरला बाद द्यायचं असतं. नाहीतर क्षेत्ररक्षक मुद्दाम झेल सोडून दोघांना बाद करू शकतो. हा नियम ठाऊक नसलेल्या पंचाकडून अन्याय होतोच. या स्पर्धांवर दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुणही अवलंबून असतात.

म्हणून मी तीन गोष्टी मागतो: हंगामाआधी शिबिर, नियमांची लेखी परीक्षा आणि अनुभवी पंचासोबत मैदानावर सराव. टॅग कोणत्या कोनातून पाहायचा, हे नुसतं वाचून जमत नाही.

यात आपली मुलं-मुली दोघंही हवीत. खेळणं सुटलं, तरी मैदान सुटू नये. आपण इन्साफ मागतो, तो द्यायलाही शिकूया.