क्रोध आणि शरीरव्याधि



सात प्रमुख पापांत क्रोधाची गणना होते, हें आपण धर्मशिक्षणाच्या वर्गांत लहानपणींच पाठ केलें आहे. तोच क्रोध देहासही कसा ग्रासतो, इकडे ह्या महोत्सवप्रसंगीं आम्ही आपलें लक्ष वेधूं इच्छितों.

१८२२ सालीं अमेरिकेंत आलेक्सी सेंट मार्टिन नांवाच्या कॅनेडियन तरुणास चुकून बंदुकीचा बार लागला व त्याच्या जठरास कायमचें छिद्र राहिलें. डॉक्टर बोमाँट ह्यांनीं त्या छिद्रांतून वर्षानुवर्षें निरीक्षण केलें. तो संतापला म्हणजे जठराच्या अस्तराचें रूप पालटे व पचन बिघडे. ह्याचें कारण हार्वर्डचे प्राध्यापक वॉल्टर कॅनन ह्यांनीं १९१५ च्या आपल्या ग्रंथांत उकललें. राग येतांच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रेनलिन रक्तांत उतरतें, नाडी धांवूं लागते, रक्तदाब चढतो, यकृतांतील साखर रक्तांत येते. ही सारी सिद्धता झुंजीची किंवा पलायनाची. रानांत ती प्राण वांचवील. परंतु बांधाच्या तंट्यांत, कोर्टाच्या तारखेस, ना झुंज ना पलायन! शरीर मात्र कंबर कसून उभेंच राहतें.

लंडनचे विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर ह्यांस हृदयशूळ होता. आपणांस डिवचणाऱ्या कोणाही माणसाच्या हातीं आपला प्राण आहे, असें ते म्हणत, असें सांगतात. १७९३ सालीं इस्पितळाच्या सभेंत शब्दास शब्द लागला आणि त्याच दिवशीं तेथें त्यांचा अंत झाला.

तथापि अतिरेक नको. शिकागोचे फ्रांझ अलेक्झांडर ह्यांनीं दाबून ठेविलेल्या वैराचा संबंध रक्तदाबाशीं जोडला व जठरव्रणही मनोजन्य रोगांत गणला. पुढें मार्शल व वॉरन ह्या ऑस्ट्रेलियन वैद्यांनीं पुष्कळशा व्रणांचें मूळ एक जंतु आहे हें दाखविलें. त्याबद्दल त्यांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां रोग्याच्या खाटेशीं बसून 'हें तुझ्या रागाचेंच फळ' म्हणणें अन्यायाचें होय. संत थॉमस अक्वायनसही विवेकानें आवरलेल्या रागास पाप म्हणत नाहींत. अन्याय पाहून राग यावाच. तो उराशीं बाळगून वर्षें काढणें, हें निराळें.

वाडीच्या बांधावरून अबोला धरिलेले आणि मिस्सेस दोन टोंकांच्या बांकांवर बसणारे सख्खे भाऊ कोणत्या गांवांत नाहींत? दोघेही रक्तदाबाची गोळी घेतात. तिचें कारण तो बांधच, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु आज महोत्सवाची पंगत एकच आहे. वाढपी मंडळींनीं अशांचीं पानें शेजारीं मांडावीं, एवढी आमची विनंती आहे.