तिथी पाहून आखावयाची सहल

(माळशिरस येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



हिवाळा आला की शाळाशाळांतून कोकणच्या सहलीची भाषा सुरू होते. कार्यक्रम बहुधा दोन दिवसांचा असतो. गाडी रात्री निघते, घाट झोपेत ओलांडला जातो, आणि किनाऱ्यावर जो तासभर हाती लागतो त्यात मुले समोर दिसेल त्या पाण्यात धाव घेतात. ते पाणी चढते आहे की ओसरते आहे, हे कोणी विचारलेलेच नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. सहलीचा आराखडा केवळ सोयीची बाब आहे असे समजण्याचे दिवस तेव्हाच संपले.

किलोमीटर मोजून सहल आखण्याची आपणा पठारावरील लोकांची सवय आहे. किनाऱ्यावर ती उपयोगी पडत नाही. तेथे दोन गावे समोरासमोर दिसतात आणि मध्ये खाडी असते. तेथील कोळी दिवसाची आखणी तिथीवरून करतो, आणि तिथी तर आपल्या रक्तात आहे! ज्या तालुक्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत जाते, तेथे एकादशी किती दिवसांवर आली हे शेंबडे पोरही सांगेल. हिशेब असा की, तिथीचा आकडा पाऊणपट करावा. येईल ती पूर्ण भरतीची सुमारे वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ. त्यापुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते. पाणी अधिक चढते आणि अधिक ओसरतेही. हा हिशेब ढोबळ आहे. पक्की वेळ छापील कोष्टकावरून आणि स्थानिक कोळ्यास विचारूनच ठरवावी.

आता अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीत तेथे चालत जाता येते, भरतीत वाट पाण्याखाली जाते. द्वितीयेस भरती दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला, आणि तीही उधाणाजवळची. म्हणून अलिबागची सकाळ वद्य द्वितीयेस येईल अशा बेताने मागे मोजत यावे. सहल पाच दिवसांची धरली तर शुद्ध त्रयोदशीस निघावे लागते.

पहिला दिवस फलटण, सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर या वाटेने कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंतचा. हा प्रवास दिवसाच करावा, कारण या सहलीचा पहिला धडा घाटातच आहे. आपली नीरा नीरा-नरसिंहपूरजवळ भीमेस मिळते, भीमा कृष्णेस, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरास जाते. कोयनाही कृष्णेचीच उपनदी. परंतु तिचे अडविलेले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरविले, त्यावर वीज निर्माण केली, आणि ते वाशिष्ठीतून अरबी समुद्रास जाते. नीरा उजव्या कालव्याच्या पाळीची वाट पाहणाऱ्या घरातील मुलास हे समजावून सांगावे. तो जे प्रश्न विचारील त्यांची उत्तरे मात्र गुरुजींनी आधी तयार ठेवावीत.

दुसऱ्या दिवशी गुहागरहून धोपावे गाठावे. तेथे तीच वाशिष्ठी समुद्रास मिळताना दिसते. मोटारगाडी फेरीबोटीवर चढवून पलीकडे दाभोळला उतरता येते. जमिनीने जावयाचे तर खाडीस मोठा वळसा पडतो. बहमनी राजवटीतील हे नामांकित बंदर पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस जाळले. सायंकाळी हर्णैला मासळीचा लिलाव पाहावा. बाजारभाव कसा ठरतो हे तेथे पुस्तकापेक्षा लवकर कळते.

तिसऱ्या दिवशी सुवर्णदुर्ग. १७५५ मध्ये पेशवे व इंग्रज यांनी मिळून तो तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला. आपल्याच आरमाराचे बळ आपणच कसे खच्ची केले, हे मुलांना सांगण्यास संकोचू नये. जवळच दापोलीचे मुरूड आहे. तेथून १८७५ साली धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. मुलांनी नुकताच गाडीतून ओलांडलेला तोच सह्याद्री! पुढे वेशवीची फेरीबोट घेऊन हरिहरेश्वर. तेथील प्रदक्षिणेची खडकाळ वाट ओहोटीतच मोकळी होते. पौर्णिमेस ती वेळ सायंकाळची येते. अंधारापूर्वी आटोपत नसेल तर प्रदक्षिणा सोडून द्यावी.

श्रीवर्धन, दिघीची फेरी, जंजिरा हा चौथा दिवस भरगच्च आहे. त्यातले एखादे ठिकाण गाळले तरी चालेल, पण रेवदंड्याचा मुक्काम उजेडी गाठावा. वाटेवरील कोर्लईच्या ग्रामस्थांत पोर्तुगीज-मिश्रित बोली आजही बोलली जाते. अलिबागला किल्ला पाहून झाल्यावर चुंबकीय वेधशाळा बाहेरून तरी दाखवावी. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून ती १९०४ मध्ये येथे आणली गेली. परतीचा मुक्काम पुण्यास करावा, रात्रीचा प्रवास नको.

फेरीबोटीची पहिली व शेवटची वेळ, बस चढते की नाही, हे आधी दूरध्वनीवरून विचारावे. पाण्यात उतरावयाचे ते गुडघ्यापर्यंत, आणि शिक्षकाने समुद्राकडील बाजूस उभे राहून.

एक गोष्ट सदस्यांसाठी. सहलींचा हंगाम हाच साखर कारखान्यांच्या गाळपाचाही हंगाम. ऊसतोडणीस आलेल्या कुटुंबांची मुले त्या महिन्यांत आपल्या शाळांत असतात, आणि वर्गणीची यादी होते तेव्हा त्यांची नावे तीत नसतात. दहा-बारा मुलांचा वाटा ग्रामपंचायतीस स्वनिधीतून उचलता येतो का, हे येत्या मासिक सभेत विषयपत्रिकेवर घ्यावे. मार्गशीर्षाची त्रयोदशी कोणत्या वारी येते हे मुख्याध्यापकांनी दिनदर्शिकेत आजच पाहून ठेवावे. परवानगीचे व एस.टी.चे अर्ज त्याआधी बरेच दिवस जावे लागतात.