क्लिअर कोटचा जमाखर्च
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



नवी कोरी स्पोर्ट्स कार शोरूममध्ये ट्यूबलाइटखाली उभी असली, तर तिच्यावर पडलेलं नळीचं प्रतिबिंब नीट पाहा. बॉनेटवर ते बऱ्यापैकी सरळ दिसतं. दारावर मात्र त्याच्या कडा फुटलेल्या, थरथरणाऱ्या दिसतात. रंगाला चमक भरपूर असते, पण पृष्ठभाग सपाट नसतो. संत्र्याच्या सालीसारख्या या पोताला पेंट शॉपमध्ये ‘ऑरेंज पील’ म्हणतात. एवढी किंमत मोजलेल्या मालकाचे प्रश्न दोनच: हे असं का, आणि आता काय करायचं? दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात आहे, म्हणून आधी कारखान्यात जाऊ.

पोलादी गाडीचा सांगाडा आधी धुऊन फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात. मग तो रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. या सगळ्यांची मिळून जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे 100 ते 130 मायक्रॉन. क्लिअर कोटच्या वाट्याला त्यातले साधारण 35 ते 50 मायक्रॉन येतात. चमक त्याची, ओरखडे सोसणं त्याचं आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवणंही त्याचंच.

हा थर यंत्रमानव फवारतात. त्यांच्या हातातली घंटेच्या आकाराची चकती मिनिटाला काही दशसहस्र फेऱ्या घेते आणि रंगाचे बारीक थेंब उडवते. थेंब पत्र्यावर पडले की एकमेकांत मिसळून पसरायला हवेत. त्यासाठी त्यांना वेळ लागतो आणि पातळपणाही लागतो. द्रावक लवकर उडाला, थेंब मोठे पडले किंवा थर फार पातळ बसला, तर सपाट व्हायच्या आतच रंग घट्ट होतो. मग थर जाड का देत नाहीत? बॉनेट आडवं असतं, तिथे जाड थर चालतो, कारण गुरुत्वाकर्षण त्याला सपाट करायला मदतच करतं. दार उभं असतं, तिथे थर थोडा जास्त झाला की ओघळ आलाच. ओघळ आला तर गाडी दुरुस्तीला काढावी लागते, हलका पोत मात्र खपून जातो. म्हणून कारखाना ओघळाच्या अलीकडे थांबतो. दारावर दिसतो तो बहुतेक वेळा या तडजोडीचा परिणाम, कुणाचा निष्काळजीपणा नव्हे.

या पोताची मोजणीही होते. लेझरवर चालणारं एक छोटं यंत्र पत्र्यावरून फिरवलं की ते लाटा लांबीनुसार वेगळ्या करून दाखवतं. काही मिलिमीटर लांबीच्या लाटा दोन-तीन मीटरवरूनही दिसतात, मिलिमीटरहून लहान लाटा हातभर अंतरावरून. कारखाना त्यांची मर्यादा ठरवतो. म्हणजे मालकाच्या डोळ्यांना दोष वाटतो तो कागदावर ‘पास’ असू शकतो.

सपाट रंग मिळवणं किती अवघड, याचं आता एक खरं उदाहरण घेऊ. अमेरिकेतली शेव्हर्ले कॉर्व्हेट 1953 साली मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात बनायला लागली. पहिल्या वर्षी 300 गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या. तिचं बाह्यांग पत्र्याचं नाही, फायबरग्लासचं. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, त्यामुळे विजेच्या हौदातला थर त्यावर थेट बसत नाही. पोलादी गाडीचा रंग ज्या भट्टीत भाजतात, तिचं तापमान त्याला सोसेलच असं नाही. शिवाय तापवल्यावर त्याच्या पोटातली हवा बाहेर पडून वरच्या थरात टाचणीएवढी भोकं पडू शकतात. अशा अंगावर आरशासारखा रंग बसवणं मुळातच अवघड. पुढे कारखाना सेंट लुईसला गेला. तिथे नंतरची बरीच वर्षं लॅकर वापरत. लॅकर फवारून झाल्यावर घासून, पॉलिश करून चमकवावं लागे. 1981 साली उत्पादन केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला हललं आणि तिथे बेस कोट–क्लिअर कोट पद्धत आली. त्यामुळे 1981 च्या मॉडेलमध्ये दोन कारखान्यांच्या, दोन प्रकारच्या रंगांच्या गाड्या सापडतात. 2015 साली कॉर्व्हेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सने याच बोलिंग ग्रीनमध्ये नव्या पेंट शॉपसह 43.9 कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. रंग सुधारणं किती खर्चाचं काम आहे, ते या आकड्यावरून कळावं.

मग मालकाने काय करावं? नुसत्या पॉलिशने पोत जात नाही. फोमचं मऊ पॅड लाटांवरून लाटेसारखंच फिरतं. ओरखडे जातात, चमक वाढते, लाटा राहतात. पोत काढायचा तर वॉटर पेपर हाच उपाय. कडक ठोकळ्यावर 1500, 2000, 3000 नंबरचे कागद लावून, पाणी मारत लाटांचे माथे घासायचे, मग कंपाउंड, मग पॉलिश. काम देखणं होतं. पण लाटेचा खड्डा भरून येत नाही, माथाच खाली येतो. प्रत्येक फेरी क्लिअर कोटच्या शिलकीतून खर्च होते आणि त्या खात्यात पुन्हा भरणा नाही. आठ-दहा मायक्रॉनपलीकडे जाऊ नये, असा जाणकारांचा साधारण संकेत आहे. अतिनील किरण अडवणारी द्रव्यं या थरातच असतात. थर जास्त खाल्ला, तर गाडी आज आरसा होईल आणि काही वर्षांनी उन्हात क्लिअर कोटचे पापुद्रे निघतील. धोका सगळ्यात जास्त कडांवर आणि दुमडींवर, कारण तिथे रंग मुळातच पातळ बसतो.

म्हणून घासण्याआधी मोजायचं. पोलादावर चुंबकीय तत्त्वावरचा जाडीमापक चालतो, ॲल्युमिनियमवर एडी करंटचा. कॉर्व्हेटसारख्या फायबरच्या गाडीवर दोन्ही निरुपयोगी, तिथे अल्ट्रासोनिक यंत्रच लागतं. हाताशी ते नसताना कुणी ‘बघून घासतो’ म्हणाला, तर त्याला नमस्कार करून परत पाठवावं.

गाडी पूर्ण रंगवून घेणं हा आणखी एक मार्ग. जोडलेल्या गाडीत रबर, प्लास्टिक आणि इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्यामुळे गॅरेजच्या भट्टीचं तापमान 60 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. कारखान्यात क्लिअर कोट सुमारे 140 अंशांवर भाजलेला असतो. चांगला पेंटर कारखान्याहून सपाट काम देईलही, पण मूळ रंग गेला तो गेला.

या मूळ रंगाची किंमत जुन्या गाड्यांच्या दुनियेत कळते. अमेरिकेत 1974 साली कॉर्व्हेट जतन करणाऱ्यांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या परीक्षणात गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली, तशी असावी लागते. सर्वोच्च श्रेणीसाठी 94 टक्के गुण हवेत. तिथे कारखान्यापेक्षा गुळगुळीत रंग हा गुण धरला जात नाही. लॅकरच्या गाडीला क्लिअर कोट चढवला तर गुण कापले जातात. त्या काळचा पोत हा तिथे अस्सलपणाचा पुरावा असतो. आज मालक जे घासून टाकायला निघाला आहे, ते पन्नास वर्षांनी दुसरा कुणी भिंग घेऊन शोधेल.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. ओघळ, रंगात अडकलेली धूळ, बंपर आणि दाराच्या छटेतला ठळक फरक, रंगाखालून डोकावणारा प्रायमर: हे दोष आहेत. गाडी ताब्यात घेण्याआधी उजेडात पाहून ते लेखी नोंदवा आणि विक्रेत्याकडून दुरुस्त करून घ्या. सगळीकडे सारखा, हलका पोत असेल तर धुवा, मेण लावा आणि चालवा. एखादंच दार फारच खटकत असेल, तर मोजून, वॉरंटीच्या अटी वाचून, तेवढंच करा. आणि घासण्याआधीचे व नंतरचे जाडीचे आकडे गाडीच्या कागदपत्रांत जोडून ठेवा. ती गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला खात्यात किती शिल्लक आहे हे कळण्याचा हक्क आहे.