चपळ गाडीच्या ठिणगीविषयी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांच्यामागून मोटारीच्या स्पार्क प्लगने ह्या व्यासपीठावर यावे, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या चिरंजीवांनी अलीकडे जुन्या पण चपळ गाड्या हौसेने घेतल्या आहेत आणि "काका, कुठले प्लग घालू?" असे ते आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न चार नगांचा आणि काही हजार रुपयांचा दिसतो. उत्तर चुकले तर दट्ट्याला भोक पडून सबंध इंजिन खोलावे लागते. म्हणून हा विषय घेतला.

उदाहरणादाखल स्कोडा ऑक्टेव्हियाची 'आर. एस.' ही आवृत्ती घेऊ. ऑक्टेव्हियाची जुळणी २००१ सालापासून शेंद्रा येथे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेजवळ व आजच्या छत्रपती संभाजीनगराजवळ, होऊ लागली. त्यामुळे तिच्याशी आपले थोडे नातेही आहे. १.८ लिटरचे इंजिन, वीस झडपा, हवा दाबून भरणारा टर्बो आणि १५० अश्वशक्ती. अशा इंजिनाचा प्लग निवडताना तरुण मंडळी प्रथम धातू विचारतात. आमच्या मते प्रथम विचारावी ती प्लगची उष्णताश्रेणी.

ही श्रेणी म्हणजे ठिणगीचा जोर नव्हे. प्लगच्या टोकाशी चिनी मातीचे नाक असते. ते लांब असले तर उष्णतेला बाहेरच्या लोखंडी कवचापर्यंत पोचण्यास लांबचा मार्ग पडतो आणि टोक तापलेले राहते. हा 'गरम' प्लग. नाक आखूड असले तर उष्णता लवकर निघून जाते. हा 'थंड' प्लग. टोकाचे तापमान सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सियसच्या दरम्यान राहावे लागते. त्याखाली गेले तर काजळी जळून जात नाही. ती साठते आणि विजेला आडवाट मिळते. त्यावर गेले तर ते टोकच निखाऱ्यासारखे होऊन ठिणगीपूर्वी पेट्रोल पेटवते. दट्ट्या अजून वर चढत असताना झालेला तो स्फोट ॲल्युमिनियमला सोसत नाही.

येथे अंकांचा एक घोटाळा आहे, तो नीट लक्षात ठेवावा. एन. जी. के. ह्या जपानी कंपनीच्या प्लगवर अंक जितका मोठा, तितका प्लग थंड. बॉश ह्या जर्मन कंपनीचे नेमके उलट. तिचा मोठा अंक गरम प्लगचा. एन. जी. के. चा ६ हा साधारणतः बॉशच्या ७ च्या तोडीचा. त्यामुळे एकाचा ७ काढून दुसऱ्याचा ७ बसविणारा मनुष्य अंक तोच ठेवूनही प्लग बदलून बसतो. दुकानदाराला अंक सांगण्याऐवजी मूळ प्लगचे संपूर्ण नाव लिहून द्यावे.

आता धातूकडे वळू. ज्याला बाजारात 'तांब्याचा प्लग' म्हणतात, त्याचा गाभा तांब्याचा. ठिणगी सोसणारे टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते. निकेल १४५५ अंशांवर वितळते, प्लॅटिनम १७६८ वर, इरिडियम २४४६ वर. इरिडियमचे टोक म्हणूनच अर्ध्या-पाऊण मिलिमीटरइतके बारीक करता येते. ते कमी दाबाच्या विजेवर ठिणगी देते आणि पुष्कळ टिकते. त्याने अश्वशक्ती वाढते, ही मात्र जाहिरातीची भाषा. निकेलचा प्लग वीस-तीस हजार किलोमीटरांत झिजतो, टर्बोच्या इंजिनात त्याहूनही लवकर. पण स्वस्त असल्यामुळे तो वेळेवर बदलण्याचा कंटाळा नसेल तर त्यात गैर काहीच नाही.

ह्या गाडीला मूळचा प्लग प्लॅटिनमचा, एन. जी. के. च्या मोजणीत ६ अंकाचा. इंजिन कारखान्यातून आले तसेच असेल, आणि गाडी बहुतांशी घर ते कचेरी अशी सिग्नलांवर रखडत असेल, तर ६ सोडू नये. ७ घातल्यास तो वाहनांच्या गर्दीत काळवंडेल. संगणकातील आज्ञावली बदलून टर्बोचा दाब वाढविला असेल, तर मात्र एक पायरी थंड, म्हणजे ७ घ्यावा. आमची पसंती साध्या निकेलच्या 'बी. के. आर. ७ ई' ला. दोन पायऱ्या खाली जाणे ही शर्यतीच्या मैदानावरची गोष्ट आहे. दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारणे जड जाते, म्हणून टोकांमधील फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावी. फट फार असली तर नेमके जोर मागितला तेव्हा गाडी अडखळते, आणि न जळलेले पेट्रोल धुराड्यातील उत्प्रेरक भाजून काढते. फट वाकवताना बारीक टोकावर भार देऊ नये, ते मोडते.

कचेरीत नवी टिपणी लिहिण्यापूर्वी जुनी फाईल मागवतात. तसे नवे प्लग घेण्यापूर्वी जुने चारही काढून, सिलिंडरच्या क्रमाने मांडून पाहावेत. फिकट करडा वा तपकिरी रंग असेल तर श्रेणी बरोबर आहे. (पूर्वीचे लोक कॉफीसारखा रंग सांगत; २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यापासून तो फिकट झाला आहे.) कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा प्लग थंड. तेलाने ओला असेल तर दोष प्लगचा नसून इंजिनच्या झिजेचा. पांढरेफटक नाक आणि त्यावर चकाकणारे बारीक कण दिसले, तर ते कण दट्ट्याचे आहेत असे समजून गाडी तिथेच उभी करावी.

खरेदीबाबत एवढेच, की नामांकित प्लगांची नक्कल सर्रास विकली जाते. पावती देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावेत. आणि बसविताना इंजिन थंड असावे. आधी हातानेच आटे धरावेत, मग नव्या वायसराच्या प्लगला पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा. सैल प्लगची उष्णता आट्यांतून व वायसरातून बाहेर जातच नाही, म्हणजे निवडलेला ७ सुद्धा गरम प्लगासारखा वागू लागतो. फार आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे निघतात. चार वेगवेगळ्या गाड्यांतून काढलेले जुने प्लग येथे मेजावर चिठ्ठ्या लावून ठेवले आहेत. चहाच्या वेळी ते हातात घेऊन पाहावेत आणि कोणत्या इंजिनाला काय झाले होते ते ओळखावे.