०.५ वर टाका, पण मागे सरकू नका

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आहे : दादा, अल्ट्रावाइडचे आमचे फोटो सपाट काऊन येतात?

कारण आपण ०.५ दाबतो ते सगळं मावावं म्हणून. मावतं हो. साधारण १३ मिमीची ही लेन्स जवळपास १२० अंशांचा पसारा पकडते. पण सगळं मावलं की सगळंच बारीक होतं. आभाळ अर्धं, रस्ता पाव, आणि ज्याच्यासाठी फोन काढला ते मधे मुंगीएवढं.

अकोटवरून शहानूरमार्गे नरनाळ्यावर गेलात तर हे बरोबर दिसेल. १४८७ सालचा महाकाली दरवाजा, त्यावर कोरलेली कमळं, अरबी शिलालेख. आणि लोक मागे-मागे सरकत पूर्ण दरवाजा बसवायला बघतात. मी म्हणतो, भिंतीला चिकटा. फोन दगडापासून हातभर. मग जवळचा दगड फ्रेमभर होतो, त्यावरची छिन्नीची खूण दिसते, आणि बाकीची भिंत आपसूक दरवाजाकडे धावत जाते. फोन तेवढा सरळ धरा, ग्रिड चालू ठेवा. वर तिरपा केला की दरवाजा मागे पडल्यासारखा वाटतो.

यामागचं गणित सोपं आहे. समजा कापसाचं बोंड फोनपासून वीतभर अंतरावर आहे आणि माणूस दहा फुटांवर. तुम्ही अजून वीतभर मागे सरकलात की बोंड निम्मं होतं, माणूस मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे तुमच्या एका वितेत अख्खा फोटो बदलतो. झूम करून हे होत नाही, पायानंच करावं लागतं. (काही फोनांत ०.५ चा फोकस ठरलेला असतो. फार जवळ नेलं की पुसट येतं. आपला फोन कुठवर चालतो ते घरीच तपासून घ्या.)

आता बोंडाचा विषय निघालाच आहे, तर खरं बोलायचं होतं ते बोलतो. दिवाळीच्या सुमारास अमरावती-अकोला पट्ट्यात वेचणी सुरू होते आणि रीलवाले शेतात उतरतात. या लेन्सची एक खोड आहे : कडेला जे येतं ते ताणलं जातं. वेचणारी बाई कोपऱ्यात आली की तिचं तोंड लांबट, हात भलताच मोठा. खाली पोट्टे हसतात. तिनं काय केलं होतं बापा? ती आपलं काम करत होती.

म्हणून चेहरा मधे, बोंड कडेला. बोंड ताणलं गेलं तरी त्याला राग येत नाही.

आणि ही लेन्स तुम्हाला माणसाच्या अगदी जवळ नेते. लांबून चोरून काढायची सोयच नाही. मग आधी विचारा, "मावशी, काढू का फोटो?" नाही म्हणाल्या तर फोन खिशात. हो म्हणाल्या तर काढून झाल्यावर दाखवा. मला एका मावशींनी फोटो पाहून सांगितलं होतं, "माह्यी ओटी पुरी भरू दे, मंग काढ." थांबलो. दुसरा फोटो खरंच चांगला आला, भरलेली ओटी अगदी पुढे आणि मागे त्या हसताना.

या आठवड्यात एक करून पाहा. दिवसभर फक्त ०.५, आणि प्रत्येक फोटोत एक तरी वस्तू हात लागेल इतकी जवळ. दिवेलागणीनंतर मात्र साध्या कॅमेऱ्यावर या, बहुतेक फोनांत अल्ट्रावाइडचा सेन्सर लहान असतो, अंधारात दाणे येतात. आणि हो, लेन्स आधी पुसा. खिशातली धूळ पण वाइडच येते!