पाळी जाताना घरानं काय करावं
(महिला मेळाव्यातील भाषण)



गिरणी कामगाराला पाळी म्हटलं की पहिली, दुसरी नि रात्रपाळी आठवते. घरच्या बाईच्या पाळीबद्दल मात्र आपण पुरुष तोंड उघडत नाही. आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

पाळी एका दिवसात जात नाही. साधारण चाळिशीनंतर काही वर्षे शरीरातले हार्मोन्स कमी-जास्त होत राहतात. पाळी कधी लवकर येते, कधी दोन-दोन महिने येत नाही. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप उडते, छातीत धडधडते, चिडचिड होते. घरचे म्हणतात, हिचा स्वभावच बदलला! बांधवांनो, तो स्वभाव नव्हे, शरीरातला बदल आहे. सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे डॉक्टर धरतात. तोवर दिवस राहू शकतात, हे ध्यानात ठेवा.

हा आजार नाही. पण ‘वयाचंच आहे’ म्हणून सगळं अंगावर काढू नका. तासा-तासाला पॅड बदलावे लागले, रक्त आठवड्याहून जास्त दिवस गेले, मधेच किंवा संबंधानंतर दिसले, तर डॉक्टर गाठा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थोडेही रक्त दिसले तर लगेच जा. कर्करोग नाही ना, हे तपासावेच लागते. थकवा नि धडधड अंगात रक्त कमी असल्याने किंवा थायरॉईडनेही होते. जगणे नकोसे वाटले तर मनात ठेवू नका. घरात सांगा, नाहीतर १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ नंबरवर बोला.

दुसरे टोक म्हणजे पिशवी काढण्याची घाई. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली तर हा सगळा त्रास एकदम सुरू होतो, हाडेही लवकर ठिसूळ होतात. म्हणून आधी विचारा, गोळ्या-औषधाने भागेल का? दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या.

बांधवांनो, रोज बुडतो, स्वयंपाक राहतो म्हणून बाई तपासणी पुढे ढकलते. त्या दिवशी भाकऱ्या कोण थापणार, ते घरात ठरवा. केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा. आत डॉक्टरांपुढे तिला मोकळेपणी बोलू द्या.